एलिक्झिरमध्ये गेम सर्व्हर सुरू करताय? या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मल्टिप्लेअर गेम घेतलात आणि सर्व्हर एलिक्झिर या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचं ठरवलंत, तर निवड उत्तम आहे. एलिक्झिर अर्लांग या जुन्या भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते, आणि अर्लांग एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठीच घडली. हजारो लोकांना एकाच वेळी सांभाळणं तिच्या रक्तात आहे. पण हा फायदा आपोआप मिळत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे अख्खा गेम एकाच जेनसर्व्हरमध्ये, म्हणजे मेसेजना उत्तर देणाऱ्या एकाच प्रोसेसमध्ये, कोंबणं. एक प्रोसेस एका वेळी एकच मेसेज हाताळते, बाकीचे तिच्या मेलबॉक्समध्ये, म्हणजे रांगेत, थांबतात. दोघं मित्र खेळताना काहीच जाणवत नाही. सगळा वर्ग एकदम आला की रांग वाढते, ‘कॉल’ची (उत्तराची वाट पाहणाऱ्या मेसेजची) ५००० मिलिसेकंदांची मुदत संपते आणि वाट पाहणारी प्रोसेस टाइमआउटने पडते. अशा वेळी नुसती मुदत वाढवू नका, रोग तसाच राहतो. गेममधल्या प्रत्येक खोलीला (एकत्र खेळणाऱ्या गटाला) स्वतंत्र प्रोसेस द्या, तिला डायनॅमिक सुपरवायझरखाली, म्हणजे लागतील तशा प्रोसेस सुरू करणाऱ्या आणि पडल्या तर पुन्हा उठवणाऱ्या प्रोसेसखाली, ठेवा. इथली नवी प्रोसेस दोन-तीन किलोबाइटची असते, त्यामुळे हात आखडता घेण्याचं कारणच नाही. खोलीच्या नावाचा मात्र अ‍ॅटम करू नका. अ‍ॅटम म्हणजे कोडमधलं ठरावीक नाव, आणि ही नावं मेमरीतून कधीच साफ होत नाहीत. १०,४८,५७६ ची मर्यादा भरली की सर्व्हर बंद!

सर्व्हर सुरू होताक्षणीच पडतोय? सुपरवायझर लिहिलेल्या क्रमानेच सगळ्यांना उठवतो. रजिस्ट्री (नावावरून प्रोसेस शोधून देणारी यादी) आधी, खोल्यांचा सुपरवायझर नंतर, पोर्ट उघडणारा शेवटी. ५ सेकंदांत ३ पेक्षा जास्त रिस्टार्ट लागले की सुपरवायझर स्वतःच बसतो, म्हणून टर्मिनलवर वर जाऊन पहिली एरर वाचा. शेवटची बहुतेक वेळा नुसता परिणाम असते.

सॉकेट (खेळाडूशी जोडलेलं कनेक्शन) ‘अ‍ॅक्टिव्ह ट्रू’वर ठेवलंत तर आलेलं सगळं न विचारता आत येतं आणि एकटा खेळाडू मेलबॉक्स भरून टाकू शकतो. ‘वन्स’ वापरा, म्हणजे दर वेळी मागितल्यावर एकच मेसेज येतो.

होस्टेलच्या वायफायवर चालतं, पण जुळे सोलापुरातला मित्र जोडला जात नाही? १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच असतो. मोबाइल हॉटस्पॉटवर तर बहुधा सार्वजनिक पत्ता तुमच्या एकट्याचा नसतो, तिथे पोर्ट फॉरवर्डिंगशी (बाहेरचं कनेक्शन आपल्या मशीनकडे वळवण्याशी) झटापट करू नका. छोटा क्लाउड सर्व्हर घ्या.

आणि लाईट. ती गेली आणि राउटर अचानक बंद झाला की कनेक्शन तुटल्याचा निरोप सर्व्हरला येतच नाही. खेळाडू तासन्‌तास ‘हजर’ दिसतो. दर दहा सेकंदांनी पिंग पाठवा, तीनदा उत्तर नाही आलं तर सॉकेट बंद करा. खोलीतली त्याची जागा मात्र मिनिटभर राखून ठेवा, तेवढ्यात तो मोबाइल डेटावरून परत येतो.