कंट्रोल गटातही गाठ वाढतेय? उंदरांवरच्या संप्रेरक प्रयोगात या चुका टाळा

अंडाशय काढलेल्या न्यूड (प्रतिकारशक्ती कमी असलेल्या, बिनकेसांच्या) उंदीर-माद्यांना एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या, त्यांना वाढायला लागणारं इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन दिलंच नाही, तरी या कंट्रोल गटात गाठी वाढू लागल्या. अशा वेळी बहुतेक जण पेशींवर संशय घेतात. मी म्हणेन, आधी पिंजरा बघा.

खाली काय अंथरलंय? मक्याच्या कणसांचा भुसा ओल चांगली शोषतो, म्हणून तो सर्रास वापरतात. पण त्यातली टेट्राहायड्रोफ्युरानडायोल ही संयुगं संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि उंदीर अंथरूण कुरतडतोच. खाद्यात सोयाबीन असेल तर जेनिस्टीन पोटात जातं, अल्फाल्फा असेल तर कूमेस्ट्रॉल. दोन्ही इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला (पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला) चिकटतात आणि इस्ट्रोजेनसारखंच काम करतात. अंडाशय काढलं म्हणजे इस्ट्रोजेन संपलं, हा समजच चुकीचा आहे. पिंजऱ्याचं प्लास्टिकही सुटत नाही. 1998 मध्ये अमेरिकेत जनुकशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत चुकीच्या डिटर्जंटने धुतलेल्या पॉलिकार्बोनेट पिंजऱ्यांतून बिस्फेनॉल-ए हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन पाझरलं आणि कंट्रोल माद्यांच्याच बीजांडांतली गुणसूत्रं बिघडलेली दिसू लागली. म्हणून सोयाबीन-अल्फाल्फा नसलेलं खाद्य, लाकडाचा किंवा कागदाचा भुसा आणि सगळ्या गटांना एकसारखे पिंजरे, हे प्रयोग सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.

पेशी वाढवतानाही तेच. पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्या माध्यमातल्या फिनॉल रेड या रंगद्रव्याचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा होतो, हे 1986 पासून माहीत आहे.

कातडीखाली इस्ट्राडायोलची गोळी बसवली असेल तर कंट्रोललाही तशीच, पण औषधाविना गोळी बसवा. मात्रा जास्त झाली तर लघवी तुंबते, मूत्राशयात खडे होतात. वजन घटलेला, पोट फुगलेला उंदीर गाठीमुळे खंगलाय असं गृहीत धरू नका. रोज पोट चाचपून बघा, मागचा भाग ओला आहे का तेही बघा. त्या जिवाला होणारा त्रास वेळीच ओळखणं आपलंच काम आहे.

प्रोस्टेटच्या गाठींत गफलत वेगळी. टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरक) दिलं की अॅरोमाटेज हे एन्झाइम त्यातल्या काही भागाचं इस्ट्राडायोल करतं. परिणाम फक्त अँड्रोजेनचा हवा असेल तर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन वापरा, त्याचं इस्ट्राडायोल होत नाही. शिवाय माणसाच्या मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी अँड्रोजेनचा कच्चा माल बनवतात. प्रौढ उंदराच्या ग्रंथींत त्यासाठी लागणारं सीवायपी१७ एन्झाइम जवळपास नसतंच. त्यामुळे वृषण काढलेला उंदीर आणि तीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण यांच्या रक्तातलं अँड्रोजेन सारखं असेल असं धरून निष्कर्ष लिहू नका.