व्हीआरएसचं ऑइल आणि सकाळची टकटक

माझी स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस, २ लिटर टर्बो पेट्रोल. मागच्या सर्व्हिसनंतर रोज सकाळी स्टार्ट केली की पाच-सहा सेकंद टकटक आवाज यायचा आणि मग बंद, टर्बोच गेला की काय म्हणून झोप लागेना. गॅरेजचं बिल काढून बघितलं तर २०डब्ल्यू-५० टाकलेलं, का तर म्हणे पॉवरवाली गाडी आहे, जाड ऑइल बरं! अहो, थंड इंजिनात एवढं जाड ऑइल वर टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) पोचायलाच वेळ लागतो.

मॅन्युअल उघडलं, त्यात व्हीडब्ल्यू ५०२ ०० लिहिलंय, म्हणजे फोक्सवॅगनच्या ऑइल मंजुरीचा (अप्रूव्हल) नंबर. त्या अप्रूव्हलचं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० आणलं, फिल्टर पण नवा बसवला, दुसऱ्या दिवसापासून आवाज गायब.

नुसता ग्रेड (५डब्ल्यू-४० वगैरे) बघू नका बरं का, डब्याच्या मागे अप्रूव्हलचा नंबर शोधा, कारण त्यासाठी ऑइल १५० डिग्रीला पण पुरेसं दाट राहतं का, म्हणजे एचटीएचएस (खूप गरम असताना वेगाने घासलं जाणाऱ्या ऑइलचा दाटपणा) किमान ३.५, हे तपासलेलं असतं आणि टर्बोच्या बेअरिंगचा जीव त्यावरच आहे. आता दर १००० किमीला डिपस्टिकने ऑइलची लेव्हल बघतो, घाट करून आलो की हमखास.