ड्रोन उडवताना या चुका टाळा

नागपुरात नवा ड्रोन हाती आला की पहिले उड्डाण हमखास फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर होते, आणि नकाशा पाहण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे शहराचा बहुतेक भाग त्याच्या बारा किलोमीटरच्या आत येतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंतच विनापरवानगी उडवता येते. त्याहून जवळ गेल्यास परवानगी घ्यावीच लागते. शिवाय सीताबर्डीचा किल्ला, वायुसेनानगर आणि अंबाझरीचा आयुध कारखाना, अशी संरक्षण खात्याची ठिकाणे शहरात आणि शहरालगत आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी (परवानगी नको), पिवळी (परवानगी हवी) की लाल (जवळपास बंदीच) हे मी घरून निघण्यापूर्वीच पाहतो, आणि काल हिरवी होती म्हणून आज पाहायचे सोडत नाही, कारण पोलिसांना एखादा परिसर ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करता येतो. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा तर हे विसरूच नये.

“माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, मला नियम लागू नाहीत,” हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. त्या वजनाला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, हे खरे. पण क्षेत्राची बंधने सर्वांना सारखीच आहेत.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे, आणि तिच्यामुळे झालेले नुकसान मी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर डोळ्यांदेखत पाहिले. एका तरुणाने बॅटरी लावताच, उपग्रहांचा संकेत पुरेसा मिळण्याची वाट न पाहता, ड्रोन काठावरून उचलला आणि सरळ पाण्यावर नेला. संकेत पक्का झाला तो ड्रोन तलावाच्या मध्यावर असताना, त्यामुळे ‘होम पॉइंट’, म्हणजे ड्रोनने आपोआप परतायची जागा, म्हणून तीच नोंदली गेली. मोबाइलने तशी सूचनाही दिली, परंतु त्याचे लक्ष चित्रीकरणात होते. बॅटरी उतरल्यावर ड्रोन आपोआप परत निघाला, तो काठाकडे न येता तलावाच्या मध्यावर जाऊन शांतपणे खाली उतरू लागला. रिमोट एकसारखा वाजत होता, तरुण त्याच्या दोन्ही दांड्या (स्टिक) जिवाच्या आकांताने ओढत होता, पण परतीचा आदेश एका बटणाने रद्द करता येतो हे त्याला ठाऊकच नव्हते. आम्ही ते बटण सांगेपर्यंत पंखे पाण्याला लागले होते.

म्हणून होम पॉइंट नोंदल्याची सूचना ऐकू येईपर्यंत मी ड्रोन जमिनीवरून हलवत नाही, आणि तो पॉइंटही नकाशावर माझ्या पायाशीच दिसतो ना, हे पाहतो. परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा टॉवरपेक्षा जास्त, पण तिथल्या मर्यादेच्या आत ठेवतो. उंचीच्या या दोन्ही अटी एकत्र जमत नसतील तर त्या जागी उडवत नाही. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी अजून ड्रोन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गच्चीवरून उड्डाण टाळावे. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे होकायंत्र बिघडते.

संक्रांतीच्या आठवड्यात वस्तीवर ड्रोन नेऊच नये, कारण मांजा स्क्रीनवर दिसत नाही.

मे महिन्यात बॅटरी बंद गाडीत ठेवू नये. उड्डाणानंतर ती सावलीत पूर्ण गार झाल्यावरच चार्जिंगला लावावी, आणि फुगलेली बॅटरी “एकदाच वापरतो” म्हणून पुन्हा बसवू नये.