काल चालणारा कोड आज का बिघडला? गिट बायसेक्टने नेमका कमिट असा शोधा

गेल्या रिलीजपर्यंत बरोबर चालणारा रिपोर्ट अचानक चुकीची बेरीज दाखवू लागतो. मधल्या काळात टीमचे मिळून हजारेक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, झालेले असतात. अशा वेळी संशय येईल ती फाइल उघडून बसलात, तर दिवस कसा गेला ते कळत नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं बायसेक्ट दर वेळी उरलेल्या कमिटचे दोन भाग करून मधला तपासायला देतं, त्यामुळे हजार कमिट असले तरी साधारण १० तपासण्यांत गुन्हेगार हाती लागतो.

पण कमांडकडे वळण्याआधी चाचणी पक्की करा. खरी मेहनत इथेच आहे. 'रिपोर्ट चुकतो' एवढं पुरत नाही. 'बिलात ३ ओळी, त्यातल्या एकीवर सूट, बेरीज ४५० यायला हवी पण ४४० येते' इतकं नेमकं हवं. कधी पास, कधी फेल होणारी चाचणी इथे घातकच, कारण एक उत्तर चुकलं की शोध भलत्याच अर्ध्यात जातो.

मग जुना, चांगला वाटणारा कमिट चेकआउट करून, म्हणजे कोड त्या स्थितीत आणून, हीच चाचणी आज, तुमच्याच मशीनवर चालवा. ही पायरी कृपा करून गाळू नका. तिथेही ४४० आले, तर दोष बहुधा रिपॉझिटरीतल्या (गिट सांभाळतं त्या प्रोजेक्ट फोल्डरमधल्या) कोडमध्ये नाहीच. डेटा, कॉन्फिगरेशन किंवा नव्याने आलेली एखादी लायब्ररी तपासायला घ्या.

आता अर्धवट बदल स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा) आणि 'गिट बायसेक्ट स्टार्ट' द्या. बिघडलेल्या कमिटवर 'गिट बायसेक्ट बॅड', मग 'गिट बायसेक्ट गुड' आणि पुढे चांगल्या कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारा कोड) किंवा टॅग (त्याला दिलेलं नाव). गिट मधल्या कमिटवर नेऊन ठेवेल. चाचणी चालवायची, गुड की बॅड ते सांगायचं. बिल्डच होत नसेल तर 'स्किप'. अंदाजाने उत्तर देऊ नका.

चाचणीची स्क्रिप्ट असेल तर 'गिट बायसेक्ट रन' हे सगळं स्वतः करतं. स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा) ० म्हणजे चांगला, १२५ म्हणजे स्किप, १ ते १२७ मधला बाकी कुठलाही म्हणजे बिघडलेला. स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा. आत कमिट केलेली असेल, तर जुन्या कमिटवर जाताच ती गायब होऊ शकते.

कमिट सापडला की 'गिट बायसेक्ट लॉग'चं आउटपुट तिकिटाला जोडा आणि 'गिट बायसेक्ट रीसेट' देऊन मूळ जागी परत या. तिकिटात कमिटचा हॅश, चुकलेली ओळ आणि चाचणी लिहा. कमिट लिहिणाऱ्याचं नाव नको, ते गिटच्या इतिहासात असतंच. आणि सापडलेल्या कमिटमध्ये ४० फाइल्स एकदम बदललेल्या दिसल्या, तर पुढच्या रिव्ह्यूत छोट्या कमिटचा आग्रह जरूर धरा.