एसी लावल्यावर पंखा फिरतो, एवढ्यावर भागत नाही

इंदूरहून खंडवा रोडने ओंकारेश्वरला निघालो आणि भेरूघाटात ट्रकांच्या रांगेत आमची जुनी गाडी तापली. दोनच दिवसांपूर्वी मेकॅनिकने एसी लावून रेडिएटरचा पंखा फिरताना दाखवला होता. ‘चल तो रहा है, भिया!’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. पंखा दोघांच्या सांगण्यावरून लागतो: एसी आणि इंजिनाचं तापमान. त्याने पहिलंच तपासलं होतं.

आधी लक्षण ओळखा. बायपासवर तापमानाचा काटा जागेवर आणि राजवाड्याच्या गर्दीत तो चढतो, तर संशय पंख्यावर. वेगात समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. हायवेवरही तापत असेल, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), थर्मोस्टॅट (ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा चोंदलेला रेडिएटर बघा.

सकाळी, इंजिन गार असताना कूलंटची पातळी पाहा. ते फार उतरलं तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि पंखा चांगला असूनही लागत नाही. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. आत दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल होताच ते अंगावर उसळतं. शिवाय काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा हात, ओढणी लांबच.

आता एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरायला लागतो. समोरच्या जाळीवर कागद धरला तर तो आत ओढला जाऊन चिकटायला हवा. बाहेर उडाला, तर मोटर बदलताना कुणीतरी तारा उलट जोडल्या आहेत.

खरी परीक्षा यापुढे. गाडी मोकळ्या जागी उभी करा. बंद गॅरेजमध्ये नको, धूर कोंडतो. न्यूट्रल, हँडब्रेक, एसी बंद, इंजिन चालू. पंधरा-वीस मिनिटं काट्यावर नजर ठेवा; थंडीत जास्त वेळ लागेल. साधारण 95 ते 100 अंशांना पंखा लागतो, थोड्या वेळाने थांबतो. असं दोनदा होऊ द्या. काटा लाल पट्टीकडे सरकला आणि पंखा गप्पच, तर इंजिन लगेच बंद करा.

मग दोष शोधायचा. एसीवरही पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज. नंतर रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच: हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. तरीही नाही, तर मेकॅनिककडून मोटरला थेट बॅटरीचे 12 व्होल्ट देववा. तेव्हाही ढिम्म राहिली तर मोटर गेली. ठोकल्यावर फिरणारी मोटरही थोड्या दिवसांचीच पाहुणी. बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात.

एसीवर फिरतो पण तापल्यावर नाही, तर सेन्सर आणि त्याची वायरिंग. नव्या गाड्यांत सेन्सरचा प्लग काढला की बऱ्याचदा पंखा पूर्ण वेगात लागतो. जुन्या गाड्यांत सेन्सरऐवजी थर्मो स्विच असतो, तापल्यावर तोच पंखा लावतो; तिथे उलटं: प्लग काढून त्याच्या दोन पिना तारेने जोडल्या की तो फिरतो. आमचा असाच फिरला. प्लगमधली पिन गंजून हिरवी पडली होती. ती घासून साफ केली आणि स्विच बदलला.

घाटात त्या दिवशी मात्र हीटर पूर्ण लावून, काचा खाली करून बसलो होतो. मे महिन्यात. इंजिनाची थोडी उष्णता आत येते, काटा जरा उतरतो.