सामाईक बागेसाठी तात्पुरता मनाई हुकूम मागताना

देवगड किंवा राजापूरकडे सामाईक जमिनीतील हापूसची कलमे एखादा हिस्सेदार तोडू लागला, तर दाव्याच्या निकालापर्यंत थांबून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३९, नियम १ व २ अन्वये तात्पुरता मनाई हुकूम मागावा. न्यायालय प्रथमदर्शनी हक्क, सोयी-गैरसोयीचा तोल (हुकूम दिल्याने वा न दिल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल) आणि भरून न येणारी हानी या तीन गोष्टी पाहते. हक्कासाठी सातबारा, फेरफार व मोजणीचा नकाशा जोडावा. मात्र सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नसल्याने खरेदीखत किंवा वाटणीपत्र असल्यास तेही द्यावे.

माझ्या मते बहुतेक अर्ज हानीच्या मुद्द्यावर दुबळे पडतात. बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब पैशात करता येतो, पण तोडलेले जुने कलम किंवा चिरेखाणीसाठी खोदलेला सडा (जांभ्या दगडाचे पठार) पूर्ववत होत नाही, हे तारखा व छायाचित्रांसह स्पष्ट लिहावे. अकारण विलंब आणि लपवलेली माहिती अर्जाला मारक ठरतात.

नोटिशीविना हुकूम हवा असल्यास, नोटिशीच्या विलंबाने अर्जाचा हेतूच कसा विफल होईल ते सांगावे. तसा हुकूम मिळाल्यावर अर्ज, प्रतिज्ञापत्र व कागदपत्रांच्या प्रती विरुद्ध पक्षाला तत्काळ पाठवाव्यात आणि त्या पाठवल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे.