वरच्यांचं बाथरूम, खालच्यांचं छत: गळतीचा खर्च कुणाचा?

छतावर ओलीचा डाग दिसला की वर जाऊन बेल वाजवायच्या आधी एक बघा: डाग पंख्याच्या हुकाजवळ किंवा लाइटच्या पॉइंटजवळ आहे का? असेल तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, आधी खाली पाडा. मग तारखेसह फोटो काढून ठेवा.

साताऱ्यात शाहूपुरीत आमची चार मजली सोसायटी आहे. मी तिची सचिव, त्यामुळे गळतीच्या तक्रारी माझ्याच दारात येतात. खालचे म्हणतात वरच्यांनी पैसे द्यावेत, वरचे म्हणतात सोसायटीनं द्यावेत, आणि बाकीचे म्हणतात आमचा काय संबंध? माझं ठाम मत आहे की पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत पैशाचा विषय काढूच नये. नाहीतर आजार म्हशीला आणि औषध पखालीला. वरचे बिचारे टाइल्स फोडतात आणि पाणी येत असतं डक्टमधल्या, म्हणजे इमारतीचे पाइप उतरतात त्या उभ्या पोकळीतल्या, पाइपातून.

पाणी कधी येतं यावर लक्ष ठेवा. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर संशय नळाच्या लाइनवर. गच्चीच्या टाकीवरून वरच्या फ्लॅटला येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा, सकाळी ठिबक मंदावली तर लाइनच फुटलेली असणार. अंघोळी उरकल्यावर ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) किंवा बाथरूमची फरशी. फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. आमच्याकडे यवतेश्वरच्या बाजूनं वाऱ्यासकट पाऊस झोडपतो. पश्चिमेच्या भिंतीला बारीक भेग असली तरी बेडरूममध्ये ओल उतरते आणि दोष लागतो वरच्यांच्या कुंड्यांना.

ट्रॅप की फरशी, हे फोडाफोडी न करता कळतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सचिवबाई, फरशी नवीकोरी आहे, एक टाइल हलवू देणार नाही." म्हटलं, काकू, हलवायची नाहीच, फक्त पाणी भरायचंय. जाळी काढून ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबलं, उंबऱ्याच्या आत दोन बोटं पाणी भरलं आणि पाण्याच्या रेषेवर टाइलला पेन्सिलीची खूण केली. चोवीस तास ते बाथरूम बंद. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेपाशीच होतं आणि खालच्या छतावरचा डाग वाढला नव्हता. म्हणजे फरशी ठीक. मग पाण्यात खायचा लाल रंग टाकून बोळा काढला. थोड्याच वेळात खालच्या डागाच्या मध्यावर गुलाबी थेंब धरला. ट्रॅपचा जोड सुटला होता. मिस्त्रीनं ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढून काम केलं, अख्खं बाथरूम वाचलं. तो खर्च काकूंनी दिला, खालच्यांच्या छताचा रंगही त्यांनीच करून दिला.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, वाटणी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाणी आणि ड्रेनेजच्या लाइनी, पावसाची गळती आणि गच्चीतून पाणी झिरपून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताचं पडलेलं प्लॅस्टर, हे सगळं सोसायटीचं काम. त्यासाठीच दुरुस्ती निधी असतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. फ्लॅटच्या आतलं संडास, बाथरूम, सिंक यांची गळती त्या फ्लॅटमालकाची. भाडेकरू राहत असला तरी पत्र मालकालाच द्या. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि बांधकामातच दोष असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. त्याला लेखी कळवायला उशीर करू नका.

आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे मात्र आधी कागदावर तपासा. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची असेल तर घोषणापत्र काढून वाचा. सामाईक काय आणि कुणाचं काय, ते त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या घराचं नुकसान थांबवायची तातडीची दुरुस्ती असेल तर फ्लॅटमालकांच्या संघाला फ्लॅटमध्ये येऊ द्यावंच लागतं.

वरचे दारच उघडत नसतील तर जिन्यात आवाज चढवू नका. सचिवाच्या नावे साधा अर्ज करा: डाग कधी दिसला, कुठल्या खोलीत, फोटो जोडले आहेत, समितीनं पाहणी करावी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. समितीनं प्लंबर घेऊन दोन्ही फ्लॅट बघावेत आणि अहवालावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. सही द्यायला कुणी नकार दिला तर तसं लिहून ठेवावं. सोसायटी आपलं काम टाळत असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. सभासदा-सभासदांत मिटतच नसेल तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. तिथे हेच कागद उपयोगी पडतात. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

आणि खालच्यांना कळकळीची विनंती: दुरुस्ती झाली की लगेच रंगारी बोलावू नका. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधल्या भरावात साठलेलं पाणी नंतरही काही दिवस उतरत राहतं, त्यामुळे काम फसलं असं वाटून पुन्हा वाद पेटतो. पोपडे खरवडून छत उघडं ठेवा, हाताला कोरडं लागेपर्यंत थांबा. पावसाळ्यात दुरुस्ती झाली असेल तर रंगाचं काम दिवाळीच्या आधी काढा.